कुत्रा छाप बिस्किट

भिलाईहून परत आल्यापासून जो भेटतो तो भट्टीबद्दल विचारतो. लोखंड खरंच पाण्यासारखं वाहतं का? रशियन बायका फ्रॉक घालून भाजीबाजारात येतात म्हणे? हो, वाहतं. हो, येतात, आणि घासाघीस आपल्यापेक्षा बरी करतात. हे सगळं मी पाहिलं, मला त्याचं कौतुकही वाटलं. पण आमच्या शाळेतल्या बायका मधल्या सुट्टीत भट्टीचं वर्णन ऐकायला जमल्या की माझ्या तोंडून निघते ती बिस्किटांची हकीकत, आणि मग माझा आवाज चढतो. परवा तर मुख्याध्यापिकाबाईंनी मला पेला भरून पाणी दिलं आणि खुर्चीवर बसवलं. तेव्हा ठरवलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

माझा धाकटा भाऊ वासुदेव आधी दुर्गच्या रेल्वे शेडमध्ये होता. पोलाद कारखान्यात क्रेन चालवायला माणसं घेऊ लागले तेव्हा तो तिकडे गेला. "ताई, तू एकदा येऊन तं पाय, आपला देश काय करून राहिला ते!" असं तो दर दिवाळीला म्हणायचा. शेवटी नाताळच्या सुट्टीत मी भंडारा रोडला गाडी पकडली.

गाडीत

माझ्या समोरच्या बाकावर कलकत्त्याचे एक गृहस्थ होते, घोषबाबू. अंगात कोट, पायात मोजे, आणि शेजारी बाकावर एक चकचकीत डबा. डब्यावर एका कुत्र्याचं तोंड छापलेलं, कान उभे, डोळे माणसासारखे शहाणे. दरेकशाच्या जंगलात गाडी बोगद्यात शिरली, सगळा धूर आत आला, आणि बाहेर पडलो तेव्हा माझ्या पांढऱ्या पातळावर काजळीची नक्षी उमटली होती. घोषबाबूंनी सभ्यपणे खिडकी लावून दिली. मी दशम्या आणि मिरचीचा ठेचा काढला, त्यांनाही एक दशमी दिली आणि डब्याकडे पाहून विचारलं, "बिस्किटं आहेत वाटतं?"

"हैं तो बिस्कुट ही," ते हसून म्हणाले, "लेकिन बहनजी, आपके लिए नहीं. कुत्तों के लिए."

मला वाटलं थट्टा करतात. त्यांनी झाकण उघडून दाखवलं. आत तपकिरी, चौकोनी, विटेच्या तुकड्यासारखी बिस्किटं, आणि प्रत्येकावर तेच कुत्र्याचं तोंड उठवलेलं. वास खारट, जुन्या हाडासारखा. घोषबाबू एका कंपनीचे फिरते विक्रेते होते आणि हा त्यांचा माल होता. गव्हाचं हलकं पीठ, हाडांचा चुरा आणि खाटीकखान्यात उरलेलं मांस वाळवून त्यात. मी हात मागे घेतला आणि पातळाला पुसला, जरी मी डब्याला हात लावलाच नव्हता.

घोषबाबू मात्र रंगात आले. गोरे साहेब होते तोवर धंदा जोरात होता, ते म्हणाले. चहाचे मळे, लष्कराच्या छावण्या, रेल्वेचे बंगले, सगळीकडे डबे जायचे. साहेब गेले, त्यांचे कुत्रे गेले, आणि मालकाला वाटलं आता कारखान्याला टाळंच लावावं. पण नाही! आता आपलेच साहेब कुत्रे पाळू लागलेत. नवीन धरणं, नवीन कारखाने, तिथे नवीन बंगले, आणि प्रत्येक फाटकाशी एक अल्सेशियन. "देश आगे बढ़ रहा है, बहनजी," ते म्हणाले. आणि त्यांच्या सगळ्या गावांत सगळ्यात नवलाचं गाव भिलाई. तिथली मागणी पाहून ऑफिसात लोक थक्क होतात. तुटकी बिस्किटं कंपनी पोत्यात भरून वजनावर विकते, ती पोतीच्या पोती एक दुकानदार उचलतो. "इतने कुत्ते वहाँ हैं कहाँ, यही देखने जा रहा हूँ."

आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. रात्रीची उरलेली भाकर आणि ताक एवढ्यावर तो चौदा-पंधरा वर्षं जगला आणि चोरांना चावला. कुत्र्यासाठी वेगळा कारखाना लागतो हे ऐकूनच माझं डोकं तापलं होतं. पुढे काय वाढून ठेवलंय याची तेव्हा कल्पना नव्हती.

सेक्टर १०

वासुदेवचं क्वार्टर सेक्टर दहात. अशी क्वार्टरं ओळीनं उभी, सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी. पहिल्याच सकाळी मी फिरायला गेले आणि परत येताना सरळ कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन, आपली भावजय समजून, "कुसुम, चहा ठेव गं," असं म्हणाले. चुलीपाशी एक आंध्रची बाई इडल्या काढत होती. ती घाबरली नाही, रागावली नाही. तिने मला बसवलं, इडली खाऊ घातली आणि मग तिच्या मुलीबरोबर योग्य घरी पोचवलं. म्हणाली की आठवड्यात एखादा तरी असा येतोच. सगळ्या देशातली माणसं एका साच्याच्या घरांत राहतात आणि एकमेकांच्या चुली ओळखू लागतात, हे मला त्या गावाचं सगळ्यात मोठं यश वाटलं. वासुदेवची मुलं तर अर्धं वाक्य मराठी आणि अर्धं हिंदी बोलतात. "आत्या, हमको सोल्याची आमटी नहीं पाहिजे." मी कपाळाला हात लावला. ओल्या तुरीच्या दाण्यांची अशी आमटी कुसुमने केली होती की मी तीनदा भात घेतला.

पण दुधाच्या केंद्रावर माझं मन खट्टू झालं. कुसुमबरोबर मी रांगेत उभी राहिले. थंडीत शाली गुंडाळलेल्या बायका, हातात कार्ड, आणि कार्डावर ठरलेलं माप. तेवढ्यात एका बंगल्याचा नोकर दोन किटल्या घेऊन आला, रांगेच्या बाजूने सरळ पुढे गेला आणि भरून घेऊन गेला.

"केवढं कुटुंब आहे गं त्यांचं?" मी विचारलं.

"साहेब, बाई अन् टायगर," कुसुम म्हणाली. "टायगर म्हंजे कुत्रा."

"आणि तुम्ही ऐकून घेता?"

"रोज कोण भांडते, ताई?"

घरी दूध नेहमीप्रमाणे चहापुरतं आलं. ज्यांना क्वार्टर नाही त्यांना कार्डही नाही, हे मला त्याच रांगेत कळलं. म्हणजे जे हात कारखाना बांधतात, त्यांच्या मुलांना टायगरइतकंही दूध नाही. मी हे मोठ्याने बोलले. रांगेतल्या बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगत होते.

मरोदा

रविवारी वासुदेव मला मरोद्याच्या बाजारात घेऊन गेला. एका बाजूला कारखान्याच्या चिमण्या आणि दुसऱ्या बाजूला मातीच्या घरांचं जुनं गाव, मध्ये मजुरांच्या झोपड्या. भट्टी एक पेटलेली, बाकीच्या अजून उभ्या राहत होत्या, म्हणून ठेकेदारांची माणसं हजारोंनी तिथे मुक्कामाला होती. बाजारात टमाट्यांचे ढीग, सुकलेली मासळी, तांदळाच्या पिठाचे गरम चिले. मी तव्यावरचा चिला खाऊन बोटं चाटत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, तुमी आपल्याकडल्या होय का?"

कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल घेतलेली एक तरुण बाई होती. नाव भागरता, गाव आमगावच्या बाजूचं. नवरा तुकाराम ठेकेदाराकडे सळया बांधायच्या कामावर आणि ती रेजा. टोपल्या उचलणाऱ्या बायांना तिकडे रेजा म्हणतात. मी वासुदेवशी मराठीत बोलत होते ते ऐकून ती चालत आली होती. भंडाऱ्याचं नाव काढताच तिचे डोळे भरले. "चाला ना घरी. दोन मिनिटं बसा. आपल्या गावाकडलं पाहुणं कोणी येतच नाही इकडं."

झोपडी सारवून लख्ख होती. तिने गोणपाट अंथरलं, काळा चहा ठेवला, आणि पाहुण्यांना नुसता चहा कसा द्यायचा म्हणून एका जर्मन धातूच्या ताटलीत दोन बिस्किटं आणून माझ्यासमोर ठेवली. तपकिरी, चौकोनी. एकाचा कोपरा तुटलेला. दुसऱ्यावर कान उभे असलेलं तोंड.

मी ताटलीकडे पाहत राहिले. चहाचा कप जमिनीवर ठेवला.

"घ्या ना," ती म्हणाली. "कडक हाय, चहात बुडवा. पोराले मी पाण्यात भिजवून देतो. माह्या अंगावर दूध नाही ना आता. दुकानवाला शेठ म्हणते याच्यात लय ताकत हाय."

वासुदेवने एक बिस्किट उचललंसुद्धा होतं. मी त्याचा हात धरला. एक क्षण वाटलं, काही बोलू नये. तिच्या चेहऱ्यावर पाहुणचाराचा आनंद होता. पण ते मूल लटपटत चालत आलं आणि ताटलीकडे हात करू लागलं.

"भागरता," मी म्हणाले, "हे बिस्किट माणसांचं नाही गं. साहेब लोकांच्या कुत्र्यांसाठी करतात. यात हाडांचा चुरा आहे, खाटीकखान्यातलं मांस आहे. हे करणाऱ्या कंपनीचा माणूस मला गाडीत भेटला. त्याने स्वतः सांगितलं."

तिने ताटलीतलं बिस्किट उलटून पाहिलं. मग म्हणाली, "डब्यावर कुत्रं हाय, हे सारेच पायतात. आमी कुत्रा छापच म्हणतो याले. आमाले वाटलं छाप हाय. घोडा छाप आगपेटीत का घोडा रायते, बाई?"

तिने मुलाला उचललं आणि पदराने त्याचं तोंड पुसलं. तोंडाला काहीच लागलेलं नव्हतं, तरी पुसत राहिली.

हिरालाल शेठ

दुकान वस्तीच्या तोंडाशीच होतं. वर ओळीनं डबे मांडलेले, खाली उघडं पोतं. हिरालाल शेठ गळ्यात तुळशीची माळ घालून तराजूमागे बसला होता, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर, पायावर पाय टाकून, आमचे घोषबाबू!

मी सरळ विचारलं, "हे तुम्ही माणसांना विकता?"

शेठला मराठी येत होती आणि तो शांत होता. "बाईजी, मी कोणाला बळंच देतो का? डब्यावर एवढं मोठं चित्र आहे. मी झाकून ठेवलंय? लोक मागतात, मी तोलतो." मग थोडं पुढे वाकून म्हणाला, "आणि खरं सांगू? साहेबांचे कुत्रे आहेत, त्यांना वाईट माल चालत नाही. या लोकांना जो गहू मिळतो त्यापेक्षा हे पीठ चांगलं आहे. एक तरी मेला का खाऊन?"

'एक तरी मेला का' हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. माणसाच्या खाण्याची कसोटी ही! खाऊन मेलं नाही, म्हणजे चांगलं!

मी घोषबाबूंकडे वळले. "कुत्रे शोधत होतात ना तुम्ही? सापडले?"

त्यांचा चेहरा उतरला, हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. रुमालाने कपाळ पुसत ते म्हणाले, "बच्चे भी खाते हैं?" मी हो म्हटलं. मग त्यांच्यातला विक्रेता जागा झाला. हळूच म्हणाले, "तब तो... डिब्बे पर से कुत्ते की तस्वीर हटानी पड़ेगी."

मी दशमी दिली होती या माणसाला. वासुदेवने माझा दंड धरला आणि मला रस्त्यावर ओढून नेलं, नाहीतर तराजू माझ्या हातात आला असता.

"ताई, तू कावून त्याच्या मागं लागून राहिली?" वासुदेव वाटेत म्हणाला. "ठेकेदार त्याचा साळा हाय. तू चार दिवसांची पाहुणी. तुकाराम त्याच्याच कामावर हाय, समजते का तुले?"

"तुझ्या मुलाला भिजवून दिलं असतं तर?"

तो झपझप पुढे चालू लागला. घरी जेवतानाही त्याने तो विषय काढला नाही. कुसुमने मात्र सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी केंद्रावरून आलेल्या दुधातलं निम्मं तिने वेगळ्या तांब्यात ओतलं, झाकण लावलं आणि म्हणाली, "आपण बिनदुधाचा चहा पिऊ. हे मरोद्याले नेऊन देजा." मुलांनी कुरकुर केली. वासुदेवने पहिल्यांदा तोंड उघडलं. "प्या रे काळा. मीबी पितो."

टोपल्या

दूध घेऊन गेलो तर झोपडीत तुकाराम बसलेला. कामाच्या वेळी माणूस घरात बसलेला दिसला की वाईट बातमी असते. भागरताने आदल्या संध्याकाळी नळावर सगळ्या बायांना सांगितलं होतं. त्यात छत्तीसगडच्या कबीरपंथी बायाही होत्या, गळ्यात कंठी बांधलेल्या, मांसाला जन्मात न शिवलेल्या. त्यांच्यातली एक म्हातारी ऐकून तिथेच ओकली. रात्रीतून ही गोष्ट वस्तीभर झाली आणि सकाळी ठेकेदाराच्या मुकादमाने तुकारामला फाटकावरून परत पाठवलं. तुझी बायको खोट्या गोष्टी पसरवते, म्हणाला.

"आता का करशीन?" वासुदेवने तुकारामला विचारलं.

उत्तर भागरताने दिलं. "आमी बाया बोललो हाओत. उद्या टोपली नाही उचलत."

मला वाटलं होतं रागाच्या भरात बोलली असेल. दुसऱ्या दिवशी वासुदेवची पाळी दुपारची होती, म्हणून सकाळीच निघालो. आम्ही गेलो तेव्हा हिरालालच्या दुकानासमोरचा सगळा रस्ता बायांनी भरला होता. मराठी, छत्तीसगडी, तेलुगू. प्रत्येकीने आपली टोपली पालथी घातली होती आणि तिच्यावर बसली होती. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. मागे पुरुष उभे. दुकान अर्धं उघडं. घोषबाबू कुठे दिसले नाहीत.

थोड्या वेळाने ठेकेदार मोटारसायकलवरून आला. त्या दिवशी काँक्रीटची ढलाई होती, मिक्सरपाशी सिमेंट येऊन पडलं होतं आणि टोपली उचलायला एक बाई नव्हती. तो आधी ओरडला, मग दम दिला, मग घड्याळ पाहिलं. वासुदेव पुढे झाला. माझा भित्रा वासुदेव! म्हणाला, "साहेब, मी कारखान्यात क्रेनवर हाओ. ही माही बहीण. तिनं कंपनीच्या माणसाच्या तोंडून ऐकलं हाय. कोणी खोटं बोलून नाही राहिलं. त्या पोराले कामावर घ्या."

ठेकेदार माझ्याकडे वळला. मी जे गाडीत ऐकलं होतं ते शब्दन् शब्द, सगळ्यांना ऐकू जाईल असं हिंदीत सांगितलं. शाळेत पंचवीस वर्षं मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवला आहे, तो त्या दिवशी कामी आला.

"ठीक है," ठेकेदार शेवटी म्हणाला. "तुकाराम काम पे जाए. अब उठो."

कोणी उठलं नाही. भागरता मुलाला कडेवर घेऊन उभी राहिली. "अन् हे?" तिने पोत्याकडे बोट केलं.

"माल हट जाएगा."

ती पोती त्याच दुपारी बैलगाडीवर चढली आणि कुठे तरी गेली. कुठे, ते वासुदेवला अजून कळलेलं नाही, आणि मी हे लिहिते त्याचं खरं कारण हेच. कुत्र्याचं तोंड उठवलेलं तपकिरी चौकोनी बिस्किट तुमच्या बाजारात वजनावर दिसलं, किंवा डब्यावरून तोंड काढून टाकलं असलं तरी तसा वास आला, तर घेणाऱ्या बाईला थांबवा. तिला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका.

पण हे नंतरचं. त्या क्षणी हिरालाल शेठला गप्प राहवलं नाही. तो फळीवरून म्हणाला, "उगाच बदनामी आहे. नुसती कणिक आहे ती. कणिक!"

भागरता पायरी चढली. पोत्यातून एक बिस्किट काढलं आणि दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसं, त्याच्यासमोर धरलं.

"मंग खा ना, शेठ."

शेठचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. त्याने मेहुण्याकडे पाहिलं. ठेकेदाराने पुन्हा घड्याळ पाहिलं. तो आमच्या बाजूचा मुळीच नव्हता, त्याला फक्त ढलाई हवी होती. "अरे, आटा है तो खा ले और ख़तम कर!" तो ओरडला.

हिरालालने बिस्किट घेतलं. तोडायला गेला, तुटेना. दाढेखाली धरून कसाबसा एक कोपरा काढला आणि चावू लागला. आम्ही सगळ्या पाहत होतो. जबडा चालत होता, पण घास खाली जात नव्हता. मग त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

भागरताने कमरेचा लोटा काढून त्याच्यापुढे केला.

"हळू खा, शेठ," ती म्हणाली. "माह्या लेकराच्याबी गळ्यात असंच अटके."

कोणी हसलं नाही. शेठने लोटा घेतला. बायांनी टोपल्या सुलट्या केल्या आणि कामावर गेल्या.